जुन्या रणगाड्याचा इंटरकॉम पुन्हा बोलता करायचा असेल तर: कानापासून सुरुवात, करंट शेवटी

रणगाड्याचं इंजिन सुरू झालं की आत बसलेल्याला शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. १९१६ साली सोमच्या लढाईत उतरलेल्या पहिल्या ब्रिटिश मार्क-१ रणगाड्यात आठ माणसं आणि इंजिन एकाच कोंदट खोलीत होते. कमांडर इंजिनच्या झाकणावर काहीतरी आपटून मागच्या गिअरवाल्यांचं लक्ष वेधायचा आणि बोटांनी खुणा करायचा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत या खुणांच्या जागी हेडफोन, माइक आणि एक छोटा अॅम्प्लिफायर आला. कमांडरने "थांब" म्हटल्यावर ड्रायव्हरचा पाय लगेच ब्रेकवर जायला हवा. ते या वायरींच्या जोरावरच शक्य झालं.

अशी निवृत्त गाडी कॉलेजच्या आवारात किंवा गावच्या चौकात उभी केली की तिला रंग मिळतो, चौथरा मिळतो, पाटी मिळते. आतल्या इंटरकॉमकडे मात्र कोणी पाहत नाही. आपल्या खानदेशात भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहे, गावोगावी माजी सैनिक आहेत, मोटार वाइंडिंग करणारे हात तर प्रत्येक तालुक्यात आहेत. हे काम इथे नीट होऊ शकतं, म्हणून ते कसं करायचं ते सविस्तर लिहितो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जुन्या इंटरकॉमचा दोष बहुतेक वेळा अॅम्प्लिफायरमध्ये नसतो. तो कानातल्या हेडफोनशी असतो, गळ्याला टेकणाऱ्या माइकशी असतो, छातीवरच्या बोलण्याच्या स्विचमध्ये किंवा प्लगच्या मुळाशी तुटलेल्या वायरीत असतो. पण पेटी उघडून बॅटरी लावायची घाई सगळ्यांना असते आणि त्या घाईत चांगली पेटी जळते. म्हणून कानापासून सुरू करून आत जायचं आणि करंट सगळ्यात शेवटी द्यायचा.

आधी घराणं ओळखा

आपल्याकडे दिसणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये ढोबळमानाने तीन घराण्यांची उपकरणं सापडतात.

पहिलं ब्रिटिश. दुसऱ्या महायुद्धातला वायरलेस सेट नंबर १९ या घराण्यातला सगळ्यात प्रसिद्ध. त्यात २ ते ८ मेगाहर्ट्झचा 'ए' सेट, जवळच्या बोलण्यासाठी २३५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा 'बी' सेट आणि 'आयसी' म्हणजे इंटरकॉमचा अॅम्प्लिफायर, असं तिन्ही एकाच डब्यात बसवलेलं असतं. कॅनडात बनलेल्या कित्येक सेटवर रशियन लिपीतही अक्षरं दिसतात, कारण ते सोव्हिएत सैन्याला पाठवायचे होते. ते पाहून सेट रशियन आहे असं समजू नका. पन्नासच्या दशकात लार्कस्पर मालिका आली, ज्यात सी-४२ आणि बी-४७ हे सेट आणि स्वतंत्र हार्नेसवर, म्हणजे गाडीतल्या केबलच्या जाळ्यावर, बसणाऱ्या कंट्रोल पेट्या होत्या.

दुसरं अमेरिकन. शर्मन रणगाड्यात एससीआर-५०८ आणि एससीआर-५२८ हे सेट असायचे, २० ते २७.९ मेगाहर्ट्झ एफएम. बीसी-६०४ ट्रान्समीटर, बीसी-६०३ रिसीव्हर आणि प्रत्येक माणसाजवळ बीसी-६०६ ही छोटी इंटरफोन पेटी. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हाती आलेल्या पॅटन रणगाड्यांत यानंतरच्या पिढीची अमेरिकन उपकरणं होती.

तिसरं सोव्हिएत. उशिराच्या टी-५४ आणि सुरुवातीच्या टी-५५ रणगाड्यांत आर-११३ वायरलेस आणि आर-१२० इंटरकॉम, नंतरच्या गाड्यांत आर-१२३ आणि आर-१२४. पीटी-७६ मध्येही हीच मंडळी. आर-१२४ च्या पेट्यांना ए-१, ए-२ असे क्रमांक असतात. कमांडरजवळची ए-१ ही मुख्य पेटी.

घराणं कळलं नाही तर घाई नको. पेटीवरच्या प्रत्येक पाटीचा, प्रत्येक सॉकेटचा समोरून आणि बाजूने फोटो काढा. सॉकेटमधल्या पिना मोजा. नंबर १९ च्या हेडसेटचा प्लग पाच पिनांचा असतो. अमेरिकन जुन्या पेटीत हेडफोनसाठी पाव इंची आणि माइकसाठी त्याहून जरा बारीक, असे दोन वेगळे जॅक असतात. सोव्हिएत टोपीची वायर छातीवरच्या स्विचला जाते. एवढ्यावरून नव्वद टक्के ओळख पटते. ज्यांना गाड्या ओळखायची सवय नाही त्यांनी अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एक दिवस घालवावा. मनमाडवरून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं.

परवानगी, आणि हात लावू नये अशा जागा

गाडी ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिचं लेखी पत्र घ्या. इंटरकॉम तारेवर चालतो, पण शेजारचा वायरलेस सेट हवेत सिग्नल सोडतो. तो बाळगायला आणि चालवायला परवाना लागतो. म्हणून ट्रान्समीटरची सप्लाय वायर काढून, टोकाला टेप गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवा. नंबर १९ मध्ये इंटरकॉम आणि ट्रान्समीटर एकाच डब्यात असल्याने ही सोय नाही. एखादा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतली नळी) उपसून ट्रान्समीटर बंद करू, असं वाटेल. पण त्यात फिलामेंट एकमेकांशी सिरीजमध्ये जोडलेले असतात. एक काढला तर दुसऱ्यावर जादा व्होल्टेज येऊ शकतं. हा सेट हॅम (हौशी रेडिओ) परवाना असलेल्या माणसाला सोबत घेऊनच सुरू करा.

मीटरच्या काट्यावर किंवा स्विचच्या टोकावर पिवळट-तपकिरी रंगाचा जाड ठिपका दिसला तर तो रेडियमचा रंग असू शकतो. रात्री चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी झाला, असं नाही. चमकणारा पदार्थ संपतो, रेडियम राहतं. खरवडू नका, मीटरची काच उघडू नका, त्या खोलीत जेवू नका. जुन्या तेलभरल्या कपॅसिटरमधून तेल गळत असेल तर हातमोजे घाला आणि ते कपॅसिटर तसेच पिशवीत बंद करा. गाडीत कुठे दारूगोळ्यासारखं काही दिसलं, अगदी रिकामी नळी वाटली, तरी बाहेर या आणि पोलिसांना कळवा.

नकाशा काढा

काहीही सोडवण्याआधी कागदावर गाडीचा आराखडा काढा. टरेट, म्हणजे वरचा तोफेचा फिरता बुरूज, आणि खालचं धड वेगवेगळं दाखवा. कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर कुठे बसतात, प्रत्येकाची पेटी कुठे, कोणती केबल कुठून कुठे जाते, ते सगळं लिहा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर बांधा. कागदी चिठ्ठी घामाने आणि ग्रीसने पुसते. ठिबकच्या नळीचा छोटा तुकडा उभा कापून केबलवर बसवायचा आणि त्यावर पक्क्या शाईने नंबर टाकायचा. जळगाव जिल्ह्यात ही नळी कोणाच्याही शेताच्या बांधावर मिळते.

याच वेळी टॉर्च लावून प्रत्येक सॉकेटमध्ये पाहा. उघड्यावर उभ्या गाडीत कुंभारीण माशी हमखास घर करते. सॉकेटच्या भोकात मातीचं घट्ट बूच बसलेलं असतं आणि वरून ते गंजासारखं दिसतं. स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं तर पिन वाकते. बांबूची बारीक काडी टोकदार करून माती कोरडीच भुगा करत काढायची आणि मग हवा मारायची. पाणी घातलं की तीच काळी माती चिकट होऊन पिनांच्या मुळाशी बसते.

टोपी आणि हेडसेट: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

हेडसेट टेबलावर घ्या. कानाचे दोन्ही कप्पे, माइक आणि वायर, चारही गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या.

कानातले कॅप्सूल तपासायला मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन टोकांना टेकवा. चांगलं कॅप्सूल असेल तर टेकवताना आणि काढताना कानात 'टिक' असा आवाज येतो. 'टिक' येते पण मंद येते, तर पडद्यामागे लोखंडाचा कीस किंवा गंज चिकटलेला असतो. पडदा सरकवून काढायचा, बोटांनी वर उचकटायचा नाही. चुंबकावरचा कीस चिकटपट्टीने टिपून घ्यायचा.

माइक कोणत्या जातीचा आहे ते कळणं फार महत्त्वाचं. कार्बन माइकमध्ये कोळशाचे बारीक कण असतात. त्याला चालायला डीसी करंट लागतो आणि बोलल्यावर त्याचा रेझिस्टन्स हलतो. मल्टिमीटर लावून "हॅलो" म्हणा. आकडा नाचला तर माइक जिवंत आहे. आकडा एका जागी खिळला असेल तर दमटपणामुळे कण एकमेकांना चिकटलेले असतात. कॅप्सूल आडवं-उभं फिरवत तळहातावर हलके ठोके द्या, दोन दिवस तांदळाच्या किंवा सिलिका जेलच्या डब्यात बंद ठेवा, पुन्हा पाहा. बऱ्याचदा तेवढ्यावर ते बोलायला लागतं. मूव्हिंग कॉइल किंवा मॅग्नेटिक माइकला असा डीसी करंट लागत नाही, तो स्वतःच छोटं व्होल्टेज तयार करतो. नंबर १९ चा माइक मूव्हिंग कॉइलचा, शर्मनमधला कार्बनचा. एकाच्या जागी दुसरा लावला की एक तर आवाज येत नाही किंवा कॉइल जळते. बाजारातला मोबाइलचा हेडफोन कापून जोडण्याचा मोह इथेच होतो. तो टाळा. लागलंच तर बाहेरून अॅडॉप्टर बनवा, मूळ प्लग कधीही कापू नका.

वायरीचा दोष शोधायची रीत अशी: मीटर बीपवर लावा, दोन टोकं धरा आणि दुसऱ्या माणसाला वायर प्लगच्या मुळापासून इंच-इंच वाकवत पुढे न्यायला सांगा. बीप जिथे तुटतो तिथे तांबं तुटलेलं असतं. ही जागा बहुधा दोनच ठिकाणी सापडते, प्लगच्या मानेत किंवा कानाच्या कप्प्यात शिरताना. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात आणि आत पाणी शिरून तांबं काळं होतं. काळ्या पडलेल्या तारेला सोल्डर धरत नाही. चांगलं तांबं लागेपर्यंत वायर मागे कापा. नवी वायर घालायची तर सिलिकॉन इन्शुलेशनची लवचीक वायर मूळ विणलेल्या म्यानातून ओढून घ्या, म्हणजे बाहेरून रूप तसंच राहतं.

चामड्याच्या टोपीबद्दल एक कळकळीची विनंती. तिला खोबरेल किंवा तिळाचं तेल लावू नका. पहिला आठवडा ती छान मऊ दिसते, पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी येते आणि शिवण कुजते. कोरड्या मऊ ब्रशने बुरशी काढा, सावलीत वारा द्या आणि फाटलेली शिवण चांगल्या मोच्याकडून जुन्याच भोकांतून भरून घ्या. नवी भोकं पाडली की जुनं चामडं तिकिटासारखं फाटतं.

ओढताच सुटणारा प्लग

हेडसेट आणि पेटी यांच्यामध्ये एक ड्रॉप लीड असते. तिच्या टोकाचा प्लग मुद्दाम असा केलेला असतो की माणसाने घाईत बाहेर उडी मारली तर तो ओढीनेच सुटावा. पेटत्या गाडीत वायरीने गळा अडकू नये म्हणून ही सोय आहे. प्रदर्शनात प्लग सारखा सुटतो म्हणून कोणीतरी त्याला टेप गुंडाळतं किंवा प्लास्टिकची पट्टी आवळतं. तसं करू नका. मुलं आत चढणार असतील तर ही सोय आजही तितकीच गरजेची आहे. प्लग ढिला असेल तर त्याच्या पकडीची स्प्रिंग तपासा आणि पिनांवरचा हिरवट गंज आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. पॉलिश पेपर वापरू नका, त्याने पिनेवरचा मुलामा जातो आणि मग गंज दुप्पट वेगाने येतो.

छातीवरचा किंवा हातातला बोलण्याचा स्विच इथेच येतो. तो उघडण्याआधी खाली पांढरं कापड पसरा, कारण आतली स्प्रिंग उडते. कॉन्टॅक्टच्या दोन पत्त्यांमधून जाड कागदाची पट्टी हलकेच ओढा. कागदावर काळी रेघ उमटेल. रेघ उमटायची थांबली की कॉन्टॅक्ट साफ झाला.

हार्नेस आणि टरेटखालची कडी

हेडसेट आणि लीड चांगल्या ठरल्यावरच गाडीतल्या केबलकडे वळा. केबलची दोन्ही टोकं पेट्यांपासून सोडवा आणि प्रत्येक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. मग प्रत्येक तार बाकीच्या सगळ्या तारांशी आणि गाडीच्या पत्र्याशी तपासा. हे कंटाळवाणं काम आहे, पण अर्धे दोष इथे सापडतात. इन्शुलेशन पाहायला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन तपासणारा मीटर) लावायचा असेल तर दोन्ही टोकं सुटलेलीच हवीत. पेटी जोडलेली असताना मेगर फिरवला तर आतले ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर जागेवर मरतात. उंदरांनी कुरतडलेली जागा बहुधा फ्लोअरप्लेटखाली असते, जिथे पूर्वी कोणी शेंगदाणे सांडलेले असतात.

आता एक जागा, जी नवख्याला माहीत नसते. ड्रायव्हर खालच्या धडात बसतो, बाकीचे टरेटमध्ये, आणि टरेट गोल फिरतं. मग ड्रायव्हरची वायर पिळली कशी जात नाही? टरेटच्या तळाशी मध्यभागी स्लिप रिंग असते. एकावर एक रचलेल्या धातूच्या कड्या आणि त्यांना घासत जाणारे ब्रश. करंटही तिथूनच वर जातो आणि इंटरकॉमचा आवाजही. बाकी सगळे एकमेकांशी बोलतात, फक्त ड्रायव्हर मुका आणि बहिरा, असं असेल तर आधी इथे पाहा. टरेट थोडं हलवल्यावर कानात खरखर येऊन आवाज परतला, तर दोष नक्की इथलाच.

प्रदर्शनातल्या गाडीचं टरेट बहुतेकदा वेल्डिंग करून जाम केलेलं असतं. अशा वेळी ब्रश वर्षानुवर्षं कडीच्या एकाच बिंदूवर बसून राहतो आणि तिथे काळा डाग धरतो. झाकण काढा, प्रत्येक ब्रश धारकासकट उचला, अल्कोहोलच्या कापडाने कडी पूर्ण गोल पुसा. ब्रश पुन्हा सोडताना तो थोडा डावी-उजवीकडे बसला तरी चालेल, आपल्या धारकात तो मोकळा सरकला म्हणजे झालं. ग्रीस, तेल, फवारणीचे स्प्रे इथे अजिबात नकोत. धूळ तेलात मिसळून कड्यांच्या मधोमध पूल बांधते आणि मग एका वाहिनीचा आवाज दुसरीत शिरतो.

पेटी उघडताना

आता पेटी. आधी फक्त नाक आणि डोळे वापरा. जळका वास, फुगलेला कपॅसिटर, वितळलेलं मेण, सुटलेला सांधा. कागदी कपॅसिटर जुने झाले की गळके होतात. डीसी गळून पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह येतो आणि तो व्हॉल्व्ह तापून जातो, म्हणून जोडणीतले कागदी कपॅसिटर बदलणं शहाणपणाचं. मूळ नळी पोकळ करून तिच्यातच नवा छोटा कपॅसिटर बसवता येतो. त्याने पेटीचं रूप राहतं आणि पुढच्या माणसाला मूळ रचना कळते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला एकदम पूर्ण व्होल्टेज देऊ नका. मोठा रेझिस्टर मध्ये घालून हळूहळू चढवत न्या. लिकेज कमी होत गेलं तर तो वाचला.

साठच्या दशकातल्या बऱ्याच ट्रान्झिस्टर उपकरणांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आहेत. त्यांची आतली सहनशक्ती साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सियसपर्यंत. भुसावळ-जळगावला मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या बंद पोलादी गाडीत तो त्याहून बराच वर. अशा वेळी इंटरकॉम लावला तर ट्रान्झिस्टर गरम होतो, गरम झाल्याने जास्त करंट ओढतो, त्याने आणखी गरम होतो आणि जातो. उन्हाळ्यात प्रयोग सकाळी आठच्या आत संपवा. हा नियम मी कोणासाठीही सोडत नाही, कितीही मोठा पाहुणा येऊ दे.

डायनामोटर, आणि आपले वाइंडिंगवाले

व्हॉल्व्हच्या सेटला उच्च व्होल्टेज लागतं. नंबर १९ ला सुमारे २७५ आणि ५०० व्होल्ट, अमेरिकन ट्रान्समीटरला ६०० च्याही वर. १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवरून ते तयार करायला डायनामोटर असतो. एकाच आर्मेचरवर, म्हणजे फिरत्या गाभ्यावर, दोन वेगळी वाइंडिंग. एका बाजूला बॅटरीचा करंट घेऊन मोटर फिरते आणि दुसऱ्या बाजूला तीच जनरेटर होऊन उच्च व्होल्टेज देते.

रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीच्या बागांसाठी रात्रंदिवस चालणारे पंप भरणारे जे वाइंडिंगवाले आहेत, त्यांच्याइतका या कामाला लायक माणूस मला दुसरीकडे दिसत नाही. त्यांच्यापुढे आर्मेचर ठेवलं की पहिला प्रश्न हमखास येतो:

"भाऊ, याला दोन कम्युटेटर कशाला?"

"एकीकडून चोवीस आत जातं, दुसरीकडून पाचशे बाहेर येतं."

"म्हणजे मोटर बी हाच अन् डायनामो बी हाच?"

"हो. म्हणून दोन्ही टोकांचे कार्बन वेगळे ठेव, मिसळू नको."

ती ताकीद खरोखर महत्त्वाची आहे. बॅटरीच्या बाजूचे कार्बन, म्हणजे कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासणारे ब्रश, मोठे आणि तांबूस असतात, त्यांत तांब्याची पूड असते. उच्च व्होल्टेजच्या बाजूचे बारीक, काळे आणि कडक. अदलाबदल झाली की एकीकडे ठिणग्या उडतात, दुसरीकडे करंट अडतो. कार्बन ज्या दिशेने बसला होता त्याच दिशेने परत बसवा, कारण त्याची घासलेली गोलाई तशीच जमलेली असते. कम्युटेटर साफ करायला काचपेपर घ्या, एमरी पेपर नको. एमरीचे कण पट्ट्यांच्या मध्ये अडकून शॉर्ट करतात. पट्ट्यांमधला अभ्रक वर आला असेल तर तो खाली खरवडा. बेअरिंगमधलं जुनं ग्रीस लाखेसारखं घट्ट झालेलं असतं. रॉकेलने धुऊन पूर्ण सुकवा, मग थोडंसंच नवं भरा. जास्त भरलं तर ते फेकलं जाऊन कम्युटेटरवर बसतं.

करंट देण्याची वेळ

बॅटरीच्या दोन्ही टोकांपैकी पत्र्याला कोणतं जोडायचं ते मीटर आणि आराखड्यावरून स्वतः ठरवा. दुसऱ्या गाडीत निगेटिव्ह पत्र्याला होता म्हणून इथेही तसंच असेल, असं धरून चालू नका. ट्रान्झिस्टरच्या पेटीला उलटा करंट एक सेकंदही सोसत नाही.

चांगल्या स्थितीतल्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावल्या की २४ व्होल्ट मिळतात. बॅटरी चार्जर थेट लावू नका, त्याची लहर कानात घुमते आणि व्होल्टेज वर जातं. पॉझिटिव्हच्या वाटेत ट्रकचा २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घाला. आपला घरोघरचा सिरीज बोर्डच हा. बल्ब पूर्ण प्रकाशला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा. मंद लाल राहिला किंवा क्षणभर चमकून विझला तर ठीक. ही युक्ती फक्त ट्रान्झिस्टरच्या इंटरकॉम पेटीसाठी. डायनामोटरला सुरू होताना मोठा करंट लागतो, तिथे बल्ब अडसर होतो. त्याला योग्य फ्यूज आणि जाड वायर हवी. डायनामोटर चालू असताना एक हात खिशात ठेवा. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ५०० व्होल्ट उरलेले असतात. रेझिस्टर लावून ते उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही.

पहिल्यांदा एकच हेडसेट लावा. कानात हलका 'सूं' असा पाठीमागचा आवाज आला की अॅम्प्लिफायर जागा आहे. मग दुसरा हेडसेट.

बोलून पाहताना

सोव्हिएत टोपीला आणि कित्येक अमेरिकन जोडण्यांना तोंडासमोर माइक नसतो. दोन छोट्या चकत्या गळ्याला दोन्ही बाजूंनी टेकतात आणि कंठाची कंपनं उचलतात. पट्टा ढिला असेल तर काही ऐकू येत नाही. चकत्या घाटीच्या किंचित वर, दोन्ही बाजूंना सारख्या, आवंढा गिळताना जाणवतील इतक्या घट्ट हव्यात. ओरडायचं नाही, नेहमीच्या आवाजात बोलायचं. ओरडलं की गळ्याचे स्नायू ताणले जातात आणि शब्द चिरडतात.

अशा माइकमध्ये कंठातून येणारे ध्वनी ठळक येतात, ओठ-दात-जिभेवर घडणारे 'स', 'श', 'फ' फिके पडतात. "सात" आणि "आठ" यांत घोळ होतो. "डावीकडे", "उजवीकडे", "मागे" हे स्पष्ट येतात. म्हणून चाचणीला एक ते दहा आकडे म्हणायला लावतो आणि ऐकणाऱ्याने ते कागदावर लिहायचे. नुसतं "ऐकू येतंय" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. आमच्याकडे चाळीसगाव-पारोळ्याकडचे माजी सैनिक टोपी घातली की सरळ अहिराणीत विचारतात, "मना आवाज येस का?" आणि पलीकडून "येस, बोल" आलं की काम झालं.

दोष उरलेच तर लक्षणावरून शोधा. सगळेच मुके: सप्लाय, फ्यूज किंवा मुख्य पेटी. एकच मुका: त्याचा हेडसेट दुसऱ्याच्या जागी लावा. दोष हेडसेटसोबत गेला तर हेडसेट खराब, जागेवर राहिला तर पेटी किंवा केबल. ऐकू येतं पण बोललेलं जात नाही: छातीवरचा स्विच. शिट्टी वाजते: एखादा माइक सतत चालू राहिलाय आणि जवळच्या कानाचा आवाज त्यात शिरतोय. डायनामोटर फिरताना 'कुंई' येते आणि वेगाबरोबर तिचा सूर बदलतो: कम्युटेटर किंवा त्याचा सप्रेशन (आवाज दाबणारा) कपॅसिटर. इंजिन बंद असताना स्वच्छ आणि चालू केल्यावर किरकिर: केबलचा बाहेरचा जाळीचा पडदा कुठेतरी पत्र्यापासून तुटलाय.

ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्याच्या आणि पॅटनच्या मागच्या बाजूला पायदळासाठी टेलिफोनची डबी असते. टी-५५ मध्येही बाहेर बसणाऱ्या सैनिकासाठी जोडणी आहे. ती आधी चालू करा, असं मी प्रत्येक संस्थेला सांगतो. शाळेची मुलं तापलेल्या गाडीत न चढता बाहेरूनच आतल्या माणसाशी बोलू शकतात आणि रणगाडा आणि पायदळ एकत्र कसं लढतं ते त्यांना स्वतः बोलून समजतं.

पावसाळ्याआधी

मृगाच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडवून ठेवा. हेडसेट आणि टोप्या गाडीत ठेवू नका, कपाटात टांगा. सॉकेटला त्यांची मूळ झाकणं बसवा. नसतील तर नळाच्या पीव्हीसी बूचांतून मापाचं बूच मिळतं, नुसतं दाबून बसवायचं, चिकटवायचं नाही. पेटीत सिलिका जेलची पुडी टाका आणि ती टाकली असल्याची तारीख बाहेर लिहा. दर महिन्याला एकदा, कोरड्या दिवशी, सगळे स्विच पाच-सात वेळा फिरवा आणि प्लग काढून पुन्हा लावा. कॉन्टॅक्टवर बसू पाहणारा थर घासला जातो. शेवटी एक वही. कोणती तार बदलली, कोणता कपॅसिटर बदलला, मूळ भाग कोणत्या डब्यात ठेवला, प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि सही. वही गाडीत नाही, संस्थेच्या कपाटात टोप्यांसोबत ठेवायची, आणि तिची एक झेरॉक्स वाइंडिंगवाल्याकडे द्यायची, कारण पुढच्या वेळी आर्मेचर त्याच्याकडेच जाणार आहे.